स्टॉक-कार शर्यतींची चित्रकार्डे आणि स्वामित्वाचा प्रश्न

१९८८ साली अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील शार्लट या शहरी मॅक्स नावाच्या कंपनीने स्टॉक-कार शर्यतींत भाग घेणाऱ्या चालकांच्या शंभर चित्रकार्डांचा एक संच प्रसिद्ध केला. अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच अशी ही रंगीत कार्डे. दर्शनी बाजूस चालकाची वा त्याच्या मोटारीची छबी आणि पाठीमागे त्रोटक माहिती. या शर्यतींची चित्रकार्डे मोठ्या प्रमाणावर छापून बाजारात आणण्याचा हा पहिला महत्त्वाचा प्रयत्न होय. परंतु ज्यांनी पाकिटामागून पाकिटे विकत घेऊन संच जुळविण्यास आरंभ केला, त्यांच्या ध्यानी एक गोष्ट लवकरच आली. अठ्ठ्याण्णवाचे कार्ड मिळे, शंभराचे मिळे. नव्व्याण्णवाचे मात्र काही केल्या मिळेना. ते संचात योजिलेले होते, पण वितरणापूर्वीच मागे घेण्यात आले होते. आणि ते कोणा उपेक्षित चालकाचे नव्हते. १९८६ व १९८७ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद मिळविणाऱ्या डेल अर्नहार्ट याचे ते कार्ड होते.

रामावाचून रामपंचायतन मांडावे तसा हा प्रकार झाला. कंपनी व चालक यांच्यात करार होऊ शकला नाही, हे त्याचे तात्कालिक कारण. तथापि बेसबॉलसारख्या खेळात त्या काळी अशी वेळ क्वचितच येत असे. स्टॉक-कार शर्यतीत ती का यावी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे पोरांचा खेळ म्हणून बाजूस सारलेली ही कार्डे एका गंभीर वादाची कागदपत्रे ठरतात. माणसाच्या चेहऱ्यावर, त्याच्या मोटारीच्या रंगावर आणि तिच्या दारावरील अंकावर मालकी कोणाची, हा तो वाद होय.

चित्रकार्डाचे कूळ शोधू गेल्यास ते तंबाखूच्या वखारीपाशी जाऊन पोचते. सिगारेटची पाकिटे कागदी व मऊ असत. आतील माल चुरगळू नये म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा एक ताठ तुकडा घालीत. या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले आणि त्या चित्रांची मालिका केली, तर ती पुरी करण्याच्या हव्यासाने गिऱ्हाईक त्याच दुकानी पुन्हा येईल, ही व्यापारी युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ साली निरनिराळ्या खेळांतील विजेत्यांच्या ५० चित्रांची मालिका काढली. १८९० साली उत्तर कॅरोलायनातील ड्यूक याच्या नेतृत्वाखाली मोठमोठे सिगारेट-कारखानदार एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली. १९०९ ते १९११ या काळात याच कंपनीच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची ती मालिका निघाली, जिच्यातील होनस वॅग्नर याचे कार्ड आज जगद्विख्यात आहे. वॅग्नरने आपली छबी वापरण्यास हरकत घेतली. ती तंबाखूच्या तिटकाऱ्यापोटी की मोबदला न मिळाल्यामुळे, याविषयी मतभेद आहेत. परंतु छपाई थांबली आणि अवघ्या काही डझन प्रती मागे राहिल्या. त्यांतील एक २०२२ साली ७२ लक्ष ५० हजार डॉलर किमतीस विकली गेली. १९११ साली मोटार-शर्यतीच्या चालकांचीही २५ कार्डांची एक मालिका सिगारेटच्या पाकिटांतून आली होती. नव्व्याण्णव क्रमांकाच्या कार्डाला अशी पूर्वपरंपरा आहे: शर्यतीची छबी तंबाखूबरोबर विकणे जुने, आणि ज्याची छबी त्याने नकार देणेही जुनेच.

येथे जेफरसन बर्डिक याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. सिराक्यूज येथे कारखान्यात काम करणाऱ्या, संधिवाताने जर्जर झालेल्या या गृहस्थाने अमेरिकन चित्रकार्डांची पहिली शास्त्रशुद्ध सूची सिद्ध केली. विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांस त्याने ‘टी’ हे अक्षर दिले, प्रत्येक मालिकेस क्रमांक दिला. वॅग्नरच्या मालिकेस लोक आजही ‘टी २०६’ म्हणतात ते बर्डिकच्या सूचीवरून. तीन लक्षांहून अधिक नगांचा आपला संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दिला आणि १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो स्वतःच्या हातांनी चिकटवह्यांत लावीत राहिला. विद्वानांनी ज्या कागदांकडे ढुंकूनही पाहिले नाही ते एका कामगाराने जपले, म्हणून आज त्यांचा इतिहास लिहिता येतो.

सिगारेटची जागा पुढे चघळण्याच्या गोंदाने, म्हणजे च्युइंग गमने घेतली आणि गिऱ्हाईक प्रौढाऐवजी शाळकरी मुलगा झाला. टॉप्स व बोमन या दोन गम-कंपन्यांत बेसबॉलपटूंच्या छबीवरून जो झगडा लागला त्याचा निकाल १९५३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने दिला. आपल्या छबीच्या प्रसिद्धीमूल्याचा व्यापारी उपयोग करू देण्याचा अनन्य अधिकार ज्याची छबी त्याला आहे आणि तो त्यास दुसऱ्याच्या हवाली करता येतो, असे न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी त्या निकालात प्रतिपादिले. अमेरिकन कायद्यात ‘प्रसिद्धीचा हक्क’ हे नाव प्रथम रूढ झाले ते येथे. मौज अशी की, ज्यांच्या चेहऱ्यांवरून हे रण माजले ते खेळाडू या दाव्यात पक्षकारही नव्हते. हक्क जन्मास आला तो दोन गमविक्यांच्या भांडणातून.

हक्क कागदावर मिळाला तरी एकेकट्या खेळाडूच्या हाती तो दुबळाच राहिला. बेसबॉलमध्ये तो बळकट झाला तो संघटनेमुळे. मार्विन मिलर याच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघाने १९६६ साली कोका-कोला कंपनीशी सामुदायिक करार केला, आणि १९६८ साली टॉप्सलाही नमविले. प्रत्येक खेळाडूस वर्षाकाठी मिळणारे १२५ डॉलर दुप्पट झाले. शिवाय विक्रीवर ८ टक्के, आणि विक्री ४० लक्ष डॉलरपलीकडे गेल्यास त्यावर १० टक्के स्वामित्वधन ठरले. त्यानंतर ज्या कंपनीस बेसबॉलची कार्डे काढावयाची असतील तिला प्रत्येक खेळाडूचे दार ठोठावण्याचे प्रयोजन उरले नाही. संघाशी बोलणे झाले की बहुतेक सर्व चेहरे एकदम मिळत.

नेमक्या याच दशकात स्टॉक-कार शर्यतीत उलटे घडले. कारखान्यातून निघून सामान्य गिऱ्हाइकास विकल्या जाणाऱ्या मोटारी थोड्याफार सुधारून पळवावयाच्या, असे या शर्यतीचे मूळ स्वरूप. चोरटी दारू डोंगरांतून वाहून नेणारे व पोलिसांस गुंगारा देणारे मोटारहाके तिच्या आरंभकाळात पुष्कळ होते. ती कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की येथे तिची पुनरुक्ती नको. १९४७ च्या डिसेंबरात फ्लॉरिडातील डेटोना बीच येथील एका उपाहारगृहासहित निवासगृहात बिल फ्रान्स याने बैठक भरविली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत नॅसकार ही संस्था नोंदली गेली. ही संस्था खेळाडूंची नव्हे. फ्रान्स घराण्याच्या ताब्यातील ती एक खाजगी कंपनी आहे. चालक हे तिचे नोकरही नव्हेत. ते स्वतंत्र कंत्राटदार. १९६१ साली कर्टिस टर्नर याने ट्रकवाल्यांच्या बलाढ्य कामगार संघटनेच्या आश्रयाने चालकांचा संघ उभारण्याचा यत्न केला. फ्रान्सने त्यास आणि टिम फ्लॉक यास आजन्म बहिष्कृत केले. बंदी उठली ती १९६५ मध्ये. १९६९ साली रिचर्ड पेटी याच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक संघटना निघाली. टॅलाडेगा येथील नव्या मार्गावर प्रचंड वेगामुळे टायर फाटू लागले, तेव्हा बहुतेक प्रमुख चालकांनी शर्यतीवर बहिष्कार घातला. फ्रान्सने दुसऱ्या चालकांना बसवून शर्यत पार पाडली, आणि ती संघटनाही लवकरच मावळली.

या दोन पराभवांचा चित्रकार्डांशी संबंध काय, असे वाचकास वाटेल. संबंध निकटचा आहे. सामुदायिक करार करणारा संघच नसल्याने पुढे ज्या कोणास या शर्यतीचे कार्ड छापावयाचे असे त्यास निरनिराळ्या धन्यांची मनधरणी करावी लागे. चेहरा चालकाचा, मोटार तिच्या मालकाची, तिच्या अंगावरील नाव व रंग पुरस्कर्त्या कंपनीचे, मोटारीचा आकार डेट्रॉइटच्या कारखानदाराचा, आणि शर्यतीचे नाव व मोटारीवरील अंक नॅसकारचा. साडेतीन इंचांच्या पुठ्ठ्यावर असे चार-पाच हक्कदार एकमेकांस खेटून उभे असत. त्यांपैकी एकाने मान हलविली नाही की संचात भोक पडे.

हे सर्व पैशात मोजले जाऊ लागले नव्हते तोवर कोणाचे काही अडले नाही. १९७१ च्या जानेवारीपासून अमेरिकेत रेडिओ व दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींस बंदी आली. विन्स्टन-सेलम येथील रेनॉल्ड्स तंबाखू कंपनीने त्याच वर्षी जाहिरातीचा मोकळा झालेला पैसा शर्यतींकडे वळविला, आणि २००३ पर्यंत नॅसकारची मुख्य मालिका ‘विन्स्टन’ या सिगारेटच्या नावानेच ओळखली गेली. चित्रकार्ड ज्या प्रदेशातील तंबाखूच्या व्यापारात वाढले त्याच प्रदेशातील तंबाखूने शर्यतीस पोसावे, हा योगायोग म्हणावा तर त्याला भूगोलाचा पाया आहे. दक्षिणेकडील तंबाखूची शेते व कापडगिरण्या यांच्या परिसरातच या खेळाचा प्रेक्षक राहत होता. अर्नहार्ट स्वतः कॅनापोलिस या गिरणगावचा.

१९७२ साली एस. टी. पी. या मोटारीच्या तेलात मिसळण्याचे द्रव्य विकणाऱ्या कंपनीने रिचर्ड पेटीस पुरस्कृत केले. कंपनीचा प्रमुख अँडी ग्रॅनाटेली याचा आग्रह असा की, मोटार संपूर्णपणे कंपनीच्या लाल रंगात रंगवावी. पेटी घराण्याची मोटार वर्षानुवर्षे एका विशिष्ट फिकट निळ्या रंगाची असे, आणि तो रंग सोडण्यास पेटी तयार होईना. पैसा मोठा होता; तरीही बोलणी रंगावर येऊन अडली. अखेर निम्मा लाल व निम्मा निळा असा समेट झाला, आणि तीच मोटार पुढे या खेळातील सर्वांत परिचित चित्र होऊन बसली. त्याच वर्षी एस. टी. पी. ने चालकांची ११ कार्डे जाहिरातीसाठी काढली. नॅसकार-चालकांच्या चित्रकार्डांची संग्राहकमान्य परंपरा येथपासून मोजतात.

ही कार्डे आणि त्यांच्यासारखी पुरस्कर्त्यांनी छापलेली मोठ्या आकाराची छबीपत्रे विकण्याकरिता नव्हतीच. संग्राहकांच्या बोलीत त्यांस ‘हीरो कार्ड’ म्हणतात. तेलाचा, बॅटरीचा वा दारूचा व्यापारी ती हजारोंनी छापी आणि चालक ती दुकानांच्या उद्‌घाटनास, जत्रेत, शर्यतीच्या सकाळी सही करून फुकट वाटी. पेटीचे या बाबतीत विशेष नाव होते. शर्यत हरलेली असो वा जिंकलेली, कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसास तो सही दिल्यावाचून सहसा परतवीत नसे, आणि ती सहीही घाईत ओढलेली रेघ नसे. ती वळणदार व सुवाच्य असे. मोबदला अर्थात होता, पण तो छबीचा नव्हता. तेलाचा डबा विकला जाई त्यात तो आलेला असे. चालक, पुरस्कर्ता व प्रेक्षक यांच्यातील हा व्यवहार पुष्कळसा देण्याघेण्याच्या जुन्या रीतीचा होता. त्यास बाजारी स्वरूप आले ते पुढच्या पंधरा वर्षांत.

१९७९ च्या फेब्रुवारीत डेटोनाची ५०० मैलांची शर्यत दूरचित्रवाणीवर प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत थेट दाखविण्यात आली. पूर्वेकडील राज्यांत हिमवृष्टीमुळे लोक घरीच अडकलेले. शेवटच्या फेरीत आघाडीचे दोन चालक एकमेकांवर आदळले, पेटी जिंकला, आणि मैदानावर हाणामारी झाली. दक्षिणेचा मानला गेलेला खेळ त्या दुपारी साऱ्या राष्ट्राने पाहिला. इकडे १९८०-८१ च्या सुमारास न्यायालयीन लढाईच्या गदारोळात टॉप्सचा बेसबॉल-कार्डांवरील मक्ता मोडला, नव्या कंपन्या आल्या, आणि लहानपणी कार्डे जमविलेली पिढी आता कमावती होऊन आईने फेकून दिलेली तीच कार्डे दाम देऊन परत घेऊ लागली. पुठ्ठ्याच्या तुकड्यास भाव असतो ही गोष्ट सर्वांस कळून चुकली. १९८३ साली ‘उनो’ या पत्त्यांच्या खेळाच्या नावाने ३० कार्डांचा एक लहान शर्यत-संच निघाला. आणि १९८८ मध्ये मॅक्स.

आता नव्व्याण्णवाच्या कार्डाकडे परत वळता येईल. त्या साली संच काढणाऱ्यास चालकांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. अनेक चालकांस आपली छबी छापली जाते हीच प्रतिष्ठा वाटली असावी. छबी ही मिळकत आहे हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांत अर्नहार्ट अग्रभागी होता. त्याचे वडील शर्यतीतच आयुष्य वेचून अल्पवयात वारले होते. शिक्षण नववीपलीकडे गेले नव्हते. परंतु व्यवहारात तो कच्चा नव्हता. १९८९ च्या संचात त्याचे कार्ड आले, तेही त्याच्या मोटारीवरील ३ या अंकाखाली. मागे राहिलेले १९८८ चे कार्ड १९९४ साली त्याच कंपनीने अवघ्या ९९९ प्रतींत वितरित केले. करार न झाल्यामुळे पडलेले भोक सहा वर्षांनी दुर्मीळ वस्तू म्हणून विकावयास काढले, याहून त्या बाजाराच्या बुद्धीचा निराळा पुरावा नको.

१९९० नंतरचा काळ हा या व्यापाराचा भरभराटीचा काळ. प्रो सेट, ट्रॅक्स, व्हील्स, प्रेस पास, अशा कंपन्या एकापाठोपाठ एक उतरल्या. शर्यतीच्या मैदानाबाहेर प्रत्येक नामांकित चालकाचा एक मालट्रक उभा राही. त्याची बाजू उघडली की दुकान. टोप्या, सदरे, कार्डे, आणि ओतीव धातूच्या छोट्या मोटारी. मोटारींच्या या प्रतिकृती १:२४ व १:६४ या प्रमाणांत असत, आणि कार्डांपेक्षाही अधिक पैसा त्यांत होता. फ्रेड वॅगनहाल्स याने १९९२ साली ॲरिझोनात स्थापिलेल्या ॲक्शन परफॉर्मन्स कंपनीने मर्यादित संख्येची प्रतिकृती ही कल्पना पराकोटीस नेली. १९९५ साली विन्स्टनच्या पुरस्काराची पंचविशी साजरी करण्याच्या निमित्ताने अर्नहार्ट आपली नित्याची काळी मोटार सोडून रुपेरी मोटार घेऊन एका शर्यतीत उतरला. त्या रुपेरी मोटारीच्या प्रतिकृतीवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या. तेव्हापासून एकेका शर्यतीपुरता रंग बदलण्याची चालच पडली. आधी मोटार व मग तिची प्रतिकृती हा क्रम उलटला. प्रतिकृती विकता यावी म्हणून मोटार रंगविली जाऊ लागली. पेटीने निळ्या रंगासाठी धरलेला हट्ट आठवला म्हणजे तेवीस वर्षांत किती अंतर कापले गेले ते कळते.

१९९६ च्या अखेरीस अर्नहार्ट पतिपत्नींनी स्मृतिवस्तू विकणारी आपली स्पोर्ट्‌स इमेज ही कंपनी ॲक्शनला कोट्यवधी डॉलरना विकली. चालकाची शर्यतीतील बक्षिसे या प्राप्तीपुढे फिकी पडत. गिऱ्हाइकाची बाजूही येथे नोंदली पाहिजे. मैदानाबाहेरील विक्रेते संगनमताने भाव ठरवितात अशी फिर्याद १९९७ साली खरेदीदारांच्या वतीने दाखल झाली, आणि मक्तेदारी-प्रतिबंधक कायद्याखालील हा दावा जॉर्जियातील संघ-न्यायालयात चालून तडजोडीने मिटला. तडजोडीच्या निधीतील शिल्लक पुढे न्यायालयाने धर्मादाय संस्थांस वाटून दिली. टोपीमागे दोनचार डॉलर अधिक दिलेल्या लक्षावधी माणसांस शोधणार तरी कसे? छबीचे मालक एव्हाना पुष्कळ झाले होते. ती विकत घेणारा मात्र अद्याप बिनचेहऱ्याचा होता.

या व्यापाराचा रोजचा गाडा ओढणारा होता तो लहान दुकानदार. हॉटेलच्या दालनांतून व जत्रेच्या छपरांखाली मेज मांडून तो बसे. खोकीच्या खोकी विकत घ्यावयाची, पाकिटे फोडावयाची, संच लावावयाचे, नामांकितांची कार्डे वेगळी काढून प्लॅस्टिकच्या आवरणात ठेवावयाची, आणि उरलेली ‘सामान्य’ कार्डे मुठीने विकावयाची, हा त्याचा उद्योग. कार्डाचे चार कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चौकटीत चित्र किती मधोमध आले आहे, यांवर भाव ठरे. संख्याशास्त्राचा अध्यापक असलेल्या जेम्स बेकेट याच्या भावपत्रिका या धंद्यातील पंचांग झाल्या. शर्यतींच्या कार्डांचीही स्वतंत्र पत्रिका निघाली. १९९१ पासून कार्डास एक ते दहा अशी प्रत देऊन ते सीलबंद करणाऱ्या संस्था आल्या. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ईबे या संगणकीय लिलावगृहाने तर दुर्मीळतेची व्याख्याच बदलली. जे कार्ड एका जिल्ह्यात दुर्मीळ होते ते देशभर ढिगांनी पडलेले आहे हे घरबसल्या दिसू लागले.

१९९६ साली प्रेस पास कंपनीने ‘बर्निंग रबर’ या नावाची काही कार्डे काढली. प्रत्यक्ष शर्यतीत धावलेल्या टायरचा एकेक तुकडा त्यांत बसविलेला होता. खेळात वापरलेल्या वस्तूचा अंश चित्रकार्डात घालण्याचा हा पहिला प्रयोग समजला जातो; पुढे पत्र्याचे, अग्निरोधक पोशाखाचे, सर्व प्रकारचे तुकडे आले, आणि इतर खेळांनीही तोच कित्ता गिरविला. भारतीय इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे बौद्ध परंपरेतील धातूंचे वर्गीकरण आठवल्यावाचून राहणार नाही. शरीराचे अवशेष ते शारीरिक, वापरातील वस्तू ते पारिभोगिक, आणि नुसत्या स्मरणासाठी घडविलेले ते उद्देशिक. एस. टी. पी. चे कार्ड उद्देशिक होते. बर्निंग रबरने त्यास पारिभोगिक केले. आणि जेथे अवशेष पूज्य होतात तेथे बनावट अवशेषही निपजतात, हा नियम सर्वत्र सारखा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संघराज्याच्या तपास खात्याने, एफ. बी. आय. ने, खेळाडूंच्या खोट्या सह्यांचे एक मोठे जाळे सॅन डिएगोहून उघडकीस आणले. ते मुख्यतः बेसबॉलचे होते, परंतु त्यानंतर कोणत्याच खेळातील सही साक्षीपत्रावाचून विकणे सुकर राहिले नाही. कुंपणापाशी पेटीने दिलेली सही खरी असूनही तिला पुरावा नव्हता. कंपनीच्या तुकड्यास पुरावा होता.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून अर्नहार्ट मृत्यू पावला. त्याच्या नावाच्या वस्तूंस अशी मागणी आली की दुकाने रिती झाली. शोकाचा व खरेदीचा हा मिलाफ अनेकांस अप्रशस्त वाटला. पण ज्यांनी टोपी घेतली त्या सर्वांस नफेखोर म्हणणे न्यायाचे होणार नाही. ३ हा अंक नॅसकारच्या मुख्य मालिकेतून तेरा वर्षे अदृश्य झाला आणि २०१४ मध्ये परतला. त्याचा पुत्र २००७ साली वडिलांच्या नावाची कंपनी सोडून बाहेर पडला तेव्हा त्याला आपला ८ हा अंक बरोबर नेता आला नाही. पुढच्या वर्षी तो ८८ घेऊन धावला. त्याच्या चाहत्यांच्या अंगावरील सदरे एका रात्रीत जुने झाले.

बाजाराचा उतार तोवर लागलेला होता. छापील माल गरजेपेक्षा फार झाला होता. ‘मर्यादित’ या शब्दास मर्यादा उरली नव्हती. २००५ साली शर्यतमार्गांच्या दोन मोठ्या मालक-कंपन्यांनी मिळून ॲक्शन २४ कोटी ५० लक्ष डॉलरना घेतली, व त्या व्यवहारात मोठे नुकसान सोसले. प्रतिकृतींचा परवाना पुढे खेळण्यातील आगगाड्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या लायोनेल कंपनीकडे गेला. २०१५ च्या आरंभी प्रेस पास बंद पडली. त्याच वर्षी मैदानाबाहेरील मालट्रक हटवून एकाच कंपनीचा भव्य तंबू उभारण्यात आला. आपल्या चालकाच्या ट्रकापाशी जमणाऱ्या लोकांना तो रुचला नाही आणि काही वर्षांतच ट्रक परतले. कार्डांचा परवाना २०१६ मध्ये मूळच्या इटालियन पानिनी कंपनीने घेतला. मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून ज्यांनी १९९० च्या सुमारास खोकी साठविली त्यांच्या तळघरांत ती पुष्कळदा न उघडलेलीच राहिली.

संग्रहांच्या आधारे या खेळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. कार्ड असणे वा नसणे यावरून चालकाची योग्यता कळत नाही. कोणाशी करार झाला, कोणामागे पुरस्कर्ता होता, एवढेच कळते. वॅग्नर व अर्नहार्ट यांनी नकार दिला, कारण नकार देण्याजोगे त्यांच्याकडे काही आहे हे मान्य होते. वेंडेल स्कॉट याची गोष्ट निराळी. व्हर्जिनियातील डॅनव्हिल या तंबाखूच्या गावचा हा कृष्णवर्णीय चालक मोठ्या पुरस्कर्त्यावाचून, स्वतःची मोटार स्वतःच दुरुस्त करीत शर्यती धावला. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे तो दोन फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत कृष्णवर्णीयाचा तो पहिला विजय. परंतु पंचांनी बक बेकर यास विजयी घोषित केले आणि चषक त्याच्या हाती दिला. प्रेक्षक पांगल्यावर, काही तासांनी, गणनेत चूक झाल्याचे मान्य करून स्कॉटला बक्षिसाची रक्कम देण्यात आली; चषक मात्र तोवर गेलेला होता. पुढे त्याला लाकडाची एक ओबडधोबड वस्तू मिळाली. १९९० च्या डिसेंबरात तो वारला. २०१५ साली शार्लट येथील नॅसकारच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये डेटोना येथे त्याच्या कुटुंबीयांस एक नवा चषक समारंभपूर्वक देण्यात आला. १९६३ च्या मूळ चषकाचा ठावठिकाणा कधीच लागला नाही.